आखूड पायांचा पाहुणा

सातपूरला राहणाऱ्या माणसाला यंत्रांचे अप्रूप उरत नाही. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, पुढे त्र्यंबक रस्त्याच्या कडेने वसाहत उभी राहिली, आणि ज्या शिवारातून पूर्वी बैलगाड्या त्र्यंबकेश्वरच्या वाटेला लागत त्या शिवारात तीन पाळ्यांचे भोंगे वाजू लागले. इगतपुरी तालुक्यातले आमचे गाव सोडून मी इथे नोकरीला आलो, निवृत्तही झालो, आणि आता मुलाचा लहानसा वर्कशॉप आहे. सांगायची गोष्ट यंत्रांची नाही, भाताची आहे. पण ती एका यंत्रामुळेच माझ्यापर्यंत पोहोचली, म्हणून सुरुवात तिथून करणे प्राप्त आहे.

काही वर्षांपूर्वी मुलाने एक लेथ मागवला, तोही तैवानचा. तैवानच्या पश्चिम अंगाला ताइचुंग नावाचे शहर आहे. अशी यंत्रे घडवणाऱ्या कारखान्यांची तिथे दाटी आहे. यंत्राबरोबर ते बसवून देणारा एक कारागीरही आला. पन्नाशीचा, अबोल, हाताने अतिशय स्वच्छ काम करणारा गृहस्थ. चार दिवस त्याने हॉटेलातले जेवण कसेबसे गिळले. पाचव्या दिवशी मुलगा त्याला घरी घेऊन आला. सौभाग्यवतींनी घाबऱ्याघुबऱ्या मला आत बोलावून विचारले, "अहो, हे लोक काय खातात?" मी म्हटले, "भात खातात. तू भात टाक."

तिने वरणभात, तूप, लिंबू, बटाट्याची भाजी आणि पापड असा साधाच बेत केला. सुनेने पद्धतीप्रमाणे वाटीने भाताची मूद पाडली. ती पाहून पाहुणा क्षणभर थबकला. पुढे ओळख वाढल्यावर त्याचे कारण कळले. त्यांच्याकडे गच्च दाबून शीग लावलेला भाताचा वाडगा मृताच्या पायाशी ठेवतात आणि त्यात काड्या उभ्या खोचतात. त्यामुळे जेवताना भातात काड्या उभ्या रोवणे म्हणजे घरात अभद्र ओढवून घेणे. आपल्याकडे पिंडाची आठवण देणारी गोष्ट ताटात चालत नाही, तसेच. पण माणूस सभ्य. त्याने चमच्याने मूद हलकेच मोडली, वरण कालवले, एक घास घेतला आणि थांबला. मग सावकाश दुसरा घेतला. ताट संपले तेव्हा एक शीतही उरले नव्हते. सुनेने कौतुकाने पाहिले, तेव्हा त्याने हसून मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले, की ताटात जितकी शिते टाकाल तितके व्रण लग्नाच्या जोडीदाराच्या तोंडावर असतील, असे त्यांच्याकडे मुलांना धाकात सांगतात. माझ्या आईची धमकी पुढच्या जन्माची असे. त्यांची याच जन्मातली, म्हणून बहुधा अधिक परिणामकारक.

जेवणानंतर त्याने मोबाइल काढून आईला फोन लावला. पडद्यावर एक सुरकुतलेला चेहरा आला आणि पहिलाच प्रश्न आला, तो त्याने आम्हाला समजावून सांगितला: "जेवलास का?" तैवानच्या होक्कियन बोलीत जुनी माणसे भेटल्यावर नमस्काराच्या जागी हेच विचारतात. आमच्या गावी पारावर बसलेले म्हातारेही वाटसरूला हेच विचारीत. मायलेकांचे बोलणे बराच वेळ चालले. मग त्याने सुनेला विचारले, हा तांदूळ कोणता? आमच्या भातासारखा मऊ, एकमेकाला धरून राहणारा. पण याला वास येतो तो कशाचा?

सून म्हणाली, "इंद्रायणी. घोटीचा." वासाचे मात्र तिला इंग्रजीत सांगता आले नाही, मलाही नाही. तो प्रश्न तसाच राहिला.

पाहुणा गेला. मी मात्र रिकामा माणूस. इंद्रायणी मूळचा कुठला, याचा शोध घेत बसलो. त्या शोधात मला पुन्हा ताइचुंग गाव भेटले, आणि भेटले ते आमच्या वडिलांच्या खाचरात.

आधी पाहुण्याच्या घरची हकीकत सांगतो, कारण तिच्यावाचून पुढचे उमगायचे नाही. तैवान हे बेट केवढे, तर सगळे मिळून महाराष्ट्राच्या आठव्या-नवव्या हिश्शाएवढे. पोर्तुगीजांनी त्याला 'फोर्मोसा' म्हणजे सुंदर असे नाव दिले. आपल्याकडच्या शाळांच्या जुन्या नकाशांत तेच छापलेले असे. मूळचे आदिवासी डोंगरात बाजरीसारखे बारीक धान्य पिकवीत. चीनच्या फूच्येन किनाऱ्यावरून समुद्र ओलांडून आलेल्या शेतकऱ्यांनी सपाटीवर भाताची खाचरे बांधली. १८९५ साली बेट जपानच्या ताब्यात गेले आणि १९४५ पर्यंत राहिले. जपानी माणसाला भात हवा आखूड दाण्याचा आणि चिकट. तैवानी भात लांबट आणि मोकळा. तेव्हा इसो एइकिची आणि सुएनागा मेगुमु या दोघा जपानी कृषिशास्त्रज्ञांनी जपानी वाण त्या उष्ण हवेला सरावून घेण्याचा उद्योग कित्येक वर्षे चालवला. तो साधला, आणि १९२६ साली या नव्या तांदळाला पुराणातल्या एका अमर बेटाच्या नावावरून 'पोंलाई' असे नाव मिळाले.

नाव अमरांचे, पण तो तांदूळ पिकवणाऱ्याच्या ताटात फारसा पडला नाही. १९३० नंतरच्या दशकात तैवानच्या तांदळापैकी निम्म्याच्या आसपास जहाजांतून जपानला जाई. पिकवणारा खाई रताळे. रताळ्याचा कीस वाळवून ठेवायचा, आणि पेजेत तो जास्त, तांदूळ नावाला. आजही तिथल्या उपाहारगृहांत रताळ्याची पेज हौसेने मागवतात. ज्यांनी ती दिवसचे दिवस खाल्ली त्या पिढीतल्या काही म्हाताऱ्यांना रताळे डोळ्यांसमोर नको असते. आमच्या पाहुण्याच्या आईचेही तसेच. आमच्याकडे रताळे उपासाला खातात हे ऐकून तिने फोनवरून विचारले म्हणे, की मग उपास कसला?

१९४९ साली चीनमधल्या यादवी युद्धात हरलेले सरकार आणि त्याच्यामागून दहा लाखांहून अधिक माणसे या बेटावर आली. सैनिकांच्या कुटुंबांसाठी चाळीवजा वस्त्या उभारल्या गेल्या. एका घरात सेचुआनचे तिखट, शेजारी शांतुंगच्या वाफवलेल्या रोट्या, पलीकडे शांघायची गोडसर भाजी, असे भिंतीला भिंत लावून शिजू लागले. सातपूरच्या कामगार चाळींत खानदेशी शेवभाजी, कोकणी आमटी आणि उत्तरेकडची लिट्टी यांची गाठ पडली, तिचीच ही थोरली आवृत्ती. १९५१ ते १९६५ अमेरिकेची मदत आली आणि तिच्याबरोबर गव्हाचे पीठ आले. भात खाणाऱ्या लोकांनी शेवया आणि रोट्या खाव्यात असा प्रचार झाला. पिठाच्या रिकाम्या पोत्यांच्या चड्ड्या शिवीत. त्यांवर हस्तांदोलन करणारे दोन हात आणि 'चीन-अमेरिका सहकार्य' ही अक्षरे छापलेली असत, आणि ती पोरांच्या नेमकी बसायच्या जागी येत. यावर तैवानात अजून हसतात. त्या शेवयांपासूनच पुढे गोमांस घातलेल्या शेवयांचा रस्सा हे तिथले नामांकित पक्वान्न झाले. पण जुन्या शेतकरी घरांत ते खात नसत आणि काही घरांत आजही खात नाहीत. जो रेडा-बैल आपल्यासाठी चिखलात राबला त्याला खायचे कसे, हे त्यांचे म्हणणे. पोळा साजरा करणाऱ्याला याचा अर्थ फोडून सांगायला नको.

आता आपल्याकडचे. साठ-पासष्टचा काळ ज्यांना आठवतो त्यांना पोतीही आठवतील. अमेरिकेशी १९५६ साली झालेल्या करारान्वये गहू येई आणि पुढे लाल मिलो. मिलोची भाकरी थापताना आईच्या कपाळावर आठी पडे. ती आठी मला भाकरीच्या चवीहून अधिक स्पष्ट आठवते. १९६५ साली लालबहादुर शास्त्रींनी सोमवारचे रात्रीचे जेवण सोडा असे आवाहन केले. आमच्या घरी वडिलांनी ते कटाक्षाने पाळले. आम्ही पोरे अकरा-बारा वर्षांची. पाळीत नव्हतो, पण लाजत मात्र होतो. १९६६ साली परदेशातून आलेले धान्य एक कोटी टनांच्या घरात गेले होते.

मजा अशी, की आमचे गाव भाताचे. पावसाळ्यात डोंगर पांढऱ्या धाग्यांसारख्या ओहळांनी भरून जायचा. वैशाखात राब भाजायचे, मृगात पेरायचे, आषाढात चिखलणी आणि आवणी. गुडघ्याएवढ्या चिखलात बाया ओळीने वाकून आवणी करीत, त्यांची गाणी खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू येत. वडील हळवे आणि गरवे दोन्ही लावीत. कमोद थोडा, सणापुरता, आणि बांधालगत आंबेमोहोराचे एक खाचर. एवढे करून घरात भात पुरत नसे, कारण पीक उंच व्हायचे आणि दिवाळीच्या तोंडावर एखादी सर आली की आडवे व्हायचे. पाच फुटांची रोपे, वर लोंबीचा भार, खाली चिखल. त्यात कोणी खताची गोणी टाकली तर आणखीच वाईट. खताने रोप तरारते, उंच होते, लोंबी जड होते आणि सगळे लवकर लोळते. लोळलेल्या भाताला पाण्यात मोड येतात. म्हणजे ज्याने पीक वाढायचे त्यानेच ते आडवे करायचे, असा हा पेच होता.

या पेचाचा तोडगा तैवानात आधीपासून उगवत होता. तिथले शेतकरी डी-जिओ-वू-जेन नावाचा एक भात लावीत. नावाचा अर्थ 'आखूड पायांचा, काळ्या टोकाचा'. आमच्याकडे काळभात म्हणतात, आंबेमोहोर म्हणतात. शेतकरी कुठलाही असो, नाव ठेवताना समोर दिसते-वासते तेच ठेवतो. या भाताचे पाय खरोखरच आखूड. खत घातले तरी तो उंच व्हायचा नाही, लोंब्या भराव्यात आणि उभा राहावा असा बुटका गडी. ताइचुंगच्या कृषिकेंद्रात त्याचा दुसऱ्या एका स्थानिक वाणाशी संकर करून १९५६ साली एक वाण प्रसारित केला. त्याचे नाव 'ताइचुंग नेटिव्ह १'. पुढे फिलिपीन्समध्ये १९६० साली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था निघाली. तिथे १९६२ साली पीटर जेनिंग्ज यांनी अडतीस संकर केले. त्यांतल्या आठव्यात एका बाजूला इंडोनेशियाचा उंच 'पेटा' आणि दुसऱ्या बाजूला हाच आखूड पायांचा तैवानी. त्यातून १९६६ साली आला तो प्रसिद्ध 'आयआर ८'. चाचणीत त्याने हेक्टरी नऊ टनांवर उतारा दिला. तेव्हा साधा शेतकरी एक-दोन टनांवर समाधान मानी. रोप आखूड करणारे हे जनुक नेमके कोणते, हे शास्त्रज्ञांना २००२ साली सापडले. शेतकऱ्यांनी त्याचे बारसे कधीच करून ठेवले होते.

ताइचुंगचा वाण भारतात १९६४ साली आला. सुब्रह्मण्यम अन्नमंत्री होते, आणि १९६६ च्या खरिपापासून अधिक उत्पादन देणाऱ्या वाणांचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. आमच्या गावी ग्रामसेवकाने एक पिशवी आणली. गावाने त्याचे नाव 'तायचून' केले. वडिलांनी रस्त्याकडेच्या खाचरात तो लावला तेव्हा लोक बांधावर उभे राहून हसत, कारण पीक गुडघ्याच्या थोडेसेच वर. "याच्यात बगळासुद्धा लपायचा नाही," असे एक म्हातारा म्हणाला होता. दिवाळीआधी सर आली. आमचा कमोद लोळला, तायचून उभा.

इथे गोष्ट संपली असती तर ती सरकारी पत्रकात शोभली असती. पण आईने तो भात शिजवला. गरम असताना बरा; गार झाला की टणक, घशाखाली उतरेना. वास कसलाच नाही. "पोट भरतं, पण जेवल्यासारखं वाटत नाही," हा तिचा अभिप्राय. दुसऱ्या वर्षी पाने टोकाकडून करपत आली. हा वाण करप्याला आणि पानांच्या इतर रोगांना फार लवकर बळी पडे. देशात इतरत्रही हाच अनुभव आला. आणि तिसरी अडचण कोणत्याही शास्त्रज्ञाने विचारात घेतली नसेल अशी: पेंढा. पाच फुटांच्या भाताचा पेंढा वर्षभर बैलांना पुरे आणि गोठ्याचे छप्पर शाकारायला होई. तीन फुटी भाताने धान्य दिले आणि बैलांची वैरण काढून घेतली. वडिलांनी वरच्या खाचरात कमोद आणि आंबेमोहोर पुन्हा लावले, रस्त्याकडेला नवे वाण चालू ठेवले. भावकीत कोणी त्यांना मागासलेले म्हटले, कोणी लोभी. मला वाटते ते नुसते बैलांचा हिशेब करीत होते.

तायचून फार दिवस टिकला नाही, पण त्याची मुले टिकली. १९६८ साली आलेला 'जया' हा त्याचाच पुत्र, दुसऱ्या बाजूने आपल्याच देशातल्या एका वाणाचा; गोव्यात आणि कोकणात जयाने कित्येक वर्षे घरे भरली. १९७० चा 'रत्ना' आयआर ८ चा. आणि मग मावळातल्या वडगाव संशोधन केंद्रात कोणाच्या तरी मनात आले, की पोट भरणारा आणि जेवल्यासारखा वाटणारा, असे दोन्ही एकाच भातात का असू नये? त्यांनी आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांचा संकर केला. १९८७ साली तो शेतकऱ्यांच्या हाती आला, आणि देहू-आळंदीवरून वाहणाऱ्या नदीचे नाव त्याला मिळाले: इंद्रायणी.

हे कळले तेव्हा, खरे सांगतो, मी पानावरून उठून सुनेला हाक मारली. आमच्या ताटातल्या मुदीत आयआर ८ आहे, आयआर ८ मध्ये तो आखूड पायांचा तैवानी आहे. म्हणजे पाहुण्याने सातपूरला बसून आपल्याच गावचा भात ओळखला! मला भरून आले. दोन दिवस मी ही गोष्ट भेटेल त्याला सांगत सुटलो.

तिसऱ्या दिवशी गोष्ट थोडी सुधारावी लागली. पाहुण्याला जे ओळखीचे वाटले ते म्हणजे मऊपणा, शितांनी एकमेकांना धरून राहणे. पण त्या आखूड पायांच्या भाताचा आणि आयआर ८ चा गुण तर गार होताच टणक होण्याचा. आईचा अभिप्राय मला पाठ होता. इंद्रायणीचा मऊपणा त्या बाजूचा नाही; तो आंबेमोहोराचा, मावळातला. त्याला घरी आठवला असेल तो पोंलाई, ज्याचा इंद्रायणीशी काडीचाही संबंध नाही. म्हणजे तैवानहून जे आमच्याकडे आले ते जिभेला लागतच नाही. ते खाचरात पायांत राहिले, लोंबी पेलीत. सर आली तरी उभे. जिभेने ओळख सांगितली ती चुकीची, आणि नाते निघाले ते खरे, पण भलत्याच ठिकाणचे.

सुनेला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे सोयरे आहेत, पण चेहरा मिळत नाही." आमच्या घरात अशी दोन-तीन उदाहरणे असल्याने सगळे हसले.

एक सल मात्र आहे. इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात आता जिकडे पाहावे तिकडे इंद्रायणी. घोटीच्या गिरण्यांतून निघालेली पोती सातपूरच्या दुकानांत येतात, आणि चांगला भात म्हणजे इंद्रायणी असे आमच्या नातवंडांच्या पिढीला वाटते. वडिलांच्या वरच्या खाचरातला कमोद भावाने वीस वर्षांपूर्वी सोडला. बियाणे कुणाकडे मागावे तर ज्यांच्याकडे असायचे ती माणसे राहिली नाहीत. मी सातपूरला आलो आणि पगार घेतला. तेव्हा भावाला बोल लावण्याचा अधिकार मला नाही, हे मी जाणतो. आंबेमोहोराचे खाचर मात्र त्याने राखले आहे, एक गुंठाभर. त्यातला तांदूळ तो भाऊबीजेला बहिणीकडे देतो आणि उरला तर आमच्याकडे.

यंदा नवा तांदूळ लवकर आला. नव्या तांदळाला पाणी कमी लागते हे विसरून सुनेने पहिल्या दिवशी गिचका केला. तिच्या सासूने "गुरगुट्या म्हणून खा" असे सांगून तो निभावला. दुसऱ्या दिवशी भात जमला आणि घरभर वास सुटला. सुनेने स्वयंपाकघरातूनच विचारले, "बाबा, त्या पाहुण्यांना वासाचं कळवलंत का? त्यांच्या आईंनी विचारलं होतं."

कळवले नव्हते. त्याच रात्री मुलाकडून पत्र टाइप करून घेतले. तैवानच्या दक्षिणेला आंब्याच्या बागा आहेत, तेव्हा अवघड नव्हते. लिहिले, की माघ-फाल्गुनात सकाळी आंब्याखाली उभे राहिले, मोहोर आलेला असला आणि अजून एकही कैरी धरलेली नसली, म्हणजे जो वास येतो तो हा. दोन दिवसांनी उत्तर आले. आईला वाचून दाखवले, असे त्याने लिहिले होते; ती म्हणाली, त्याला विचार, तो जेवला का.